सखोल

माझ्या मराठी मशीनवर
ख एका ठोक्यात उमटत नाही.
आधी अर्धा उमटतो, मग दांडी मारावी लागते.
घाईतला माणूस दांडी विसरतो.
म्हणून सखोल हा शब्द आला
की माझं बोट आजही जरा थबकतं.

विभा तांडेल आली तो शुक्रवार.
किल्ला कोर्टाजवळच्या कमानीखाली
मी नुकतं स्टूल पुसलं होतं.
वकिलीचं पाचवं वर्ष, पांढऱ्या बँडवर शाईचा ठिपका,
हातात लिहून आणलेले अकरा कागद.
‘पेडामकर, चार प्रती. कार्बन लावून.
झेरॉक्सवाल्याकडे साहेबांचं खातं आहे.’

साहेबांचं नाव तेव्हा दिल्लीला गेलं होतं.
न्यायमूर्ती व्हायचे होते.

टंकलेखक वाचत नाही, त्याची बोटं वाचतात.
सातव्या पानावर ती थांबली.
विभाताई रस्त्यावरच्या हातगाडीकडे बघत राहिल्या,
पेरू मोजत असाव्यात.

शेवटच्या पानावर साक्षीदार.
लिफ्टमन रामआसरे, ज्याने त्या रात्री पावणेनऊला
जाळीचं दार ओढलं आणि त्यांचा चेहरा पाहिला.
कारकून लोबो, चेंबरची वही त्याच्याकडे.
शेजारच्या ऑफिसातल्या मिस दारूवाला.
चौथा मी.
कारण आदल्या वर्षी याच स्टुलाशी
त्यांनी राजीनामा टाइप करून घेतला होता
आणि कारण लिहायच्या जागी म्हणाल्या होत्या,
‘तेवढं मोकळं सोडा.’
माझंच नाव मी टाइप केलं. एकही खाडाखोड नाही.

मग इस्त्रीचा एक शर्ट
मशीनच्या खोक्यात ठेवून दिला.
बोलावणं येईल तेव्हा घामट नको दिसायला.

माझ्या पोराच्या पासपोर्टाला हवालदार तीनदा आला.
खालच्या वाण्याला विचारलं, समोरच्या मावशींना विचारलं,
पोरगा रात्री किती वाजता घरी येतो ते विचारलं.
पोरगा मस्कतला एसी दुरुस्त करायला चालला होता.

इथे एक गृहस्थ आले म्हणतात, शनिवारी, दीड वाजता.
लिफ्ट बंद होती. रामआसरे गावी.
लोबो जेवायला गेला होता.
जेवायला गेलेला कारकून अडीचला परततो,
हे फोर्टातल्या मांजरालाही माहीत.
गृहस्थांनी साहेबांबरोबर चहा घेतला.

कागदावर दोन ओळी आल्या:
‘सखोल चौकशी करण्यात आली.
आक्षेपार्ह काही आढळून आले नाही.’

करण्यात आली. कुणी केली?
कर्ता शोधत मी त्या ओळीत दोनदा फिरून आलो.
आणि आढळणं तर चालणाऱ्याच्या नशिबी असतं.
बसल्या जागी काय आढळणार,
बशीतला बिस्किटाचा चुरा?

मी साहेबांना दोषी म्हणत नाही.
मला माहीत नाही.
ज्यांनी माहीत करून घ्यायचं, त्यांनाही नाही,
एवढंच माझं म्हणणं.
साहेब स्वच्छ असतील तर
त्यांनाही अर्ध्या खवर सोडून दिलं,
दांडी कुणी मारलीच नाही.

शपथविधीच्या आदल्या दिवशी
अभिनंदनाचा ठराव माझ्याकडेच आला टाइपला.
पानाचा दर तोच.
विभाताई अलिबागच्या कोर्टात गेल्या,
जमिनींचे दावे चालवतात.

परवा लोबो स्टुलावर टेकला, निवृत्त झालाय.
बराच वेळ गुडघा चोळत होता.
‘पेडामकर, तेव्हा तुझ्याकडे कुणी आलं होतं?’
‘नाही. तुझ्याकडे?’
त्याने मान हलवली.
वीस पावलांवर बसायचो आम्ही, एवढी वर्षं.
‘वही आहे अजून,’ तो म्हणाला. ‘माळ्यावर.’

मी खोक्याच्या तळाचा कार्बन काढला,
सातव्या पानाचा. एकदाच वापरलेला.
उजेडाकडे धरला तर
जिथे जिथे ठोका बसला होता
तिथून आरपार दिसत होतं.